ऑगस्टअखेर अल्गॉन्क्विनमध्ये कनूतून लेक ट्राउट : खोली कशी शोधायची, सोबत काय न्यायचं?

मुठेकाठचा

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात चौघं जण दोन कनू (वल्ह्याच्या अरुंद होड्या) घेऊन अल्गॉन्क्विनला, म्हणजे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या उद्यानात निघतोय. पाच दिवस. ओपियोंगो तळ्याच्या दक्षिण टोकाला गाडी लावायची, त्याच्या उत्तरेकडच्या फाट्यापर्यंत (नॉर्थ आर्म) वल्हवत जायचं, मग साधारण दोन किलोमीटरचं पोर्टेज करून, म्हणजे कनू-सामान पाठीवर घेऊन चालत, हॅपी आइल तळं. तिथे दोन मुक्काम आणि त्याच वाटेने परत. बास आणि वॉलाय चौघांनाही जमतात, लेक ट्राउट मात्र कोणीच गरवलेला नाही. उन्हाळा संपताना तो खोल जातो एवढं ठाऊक आहे. पण खोल म्हणजे किती, आणि सोनार (खोली दाखवणारं यंत्र) नसताना ते ओळखायचं कसं?

दुसरं, जिग (सरळ खाली सोडून नाचवायचं वजनदार आमिष) न्यायचे की मागे ओढायचे स्पून (पत्र्याचं चमच्यासारखं आमिष)? पोर्टेजवर सगळं पाठीवर येणार, त्यामुळे दोन्हींचा पसारा नको. तिसरं, चौघांतले एक माझे सासरे. वय ६८, सांगलीहून व्हिजिटर व्हिसावर आलेत. ज्येष्ठांना परवाना लागत नाही असं ऐकलंय, ते त्यांनाही लागू आहे का? आणि मासा मिळालाच तर खायचा कसा, सोडायचा कसा, तेही सांगा.

गरी_आणि_दोरा

खोलीचं आधी, कारण ती चुकली तर बाकी सामान कितीही भारी असो, डबा कोराच परत येतो.

लेक ट्राउट नावाला ट्राउट, जातीने चार. त्याला साधारण १० अंशांचं पाणी लागतं, ८ ते १२ मध्ये तो खूश. ऑगस्टअखेर तळ्याचं वरचं पाणी २० ते २२ अंश असतं. वाऱ्याने घुसळलेला हा गरम थर काही मीटर जाड असतो, त्याखाली एक पट्टा येतो जिथे दर मीटरला तापमान एक अंशाने किंवा त्याहूनही जास्त घसरतं. हीच थर्मोक्लाइन. अल्गॉन्क्विनच्या मोठ्या तळ्यांत ती या दिवसांत साधारण ७ ते ११ मीटरच्या दरम्यान धरून चला. मासा तिच्या खालच्या कडेपासून पुढे, बहुतेक वेळा १२ ते २५ मीटरमध्ये. अगदी तळाच्या खड्ड्यात जाऊन बसत नाही, कारण उन्हाळ्याच्या शेवटी तिथला प्राणवायू कमी होत आलेला असतो. वरून उष्णता, खालून प्राणवायूची टंचाई, अशा कोंडीत तो एका पट्ट्यात अडकलेला असतो. तुमच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे : मे महिन्यात मासा तळंभर हिंडतो, ऑगस्टमध्ये त्याचा पत्ता ठरलेला.

सोनारशिवाय पट्टा शोधायचा तर ३० मीटर बारीक नायलॉन दोरी घ्या आणि दर २ मीटरला मार्करने खूण करा, १० आणि २० वर गाठ मारा. टोकाला अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, आत छोटा थर्मामीटर, बाटलीच्या खांद्याला आणि बुडाला दोन-दोन भोकं. जाळीच्या पिशवीत बाटली आणि मुठीएवढा दगड एकत्र बांधायचा. ६ मीटरवर सोडा, तीन मिनिटं थांबा, भराभर ओढून लगेच वाचा. मग ८, १०, १२. भोकं मोठी पाडलीत तर वर येताना बाटलीत गरम पाणी शिरतं आणि आकडा फसवा येतो. पेन्सिल जाईल एवढंच भोक पुरे. जिथे १० अंश मिळतील ती खोली लिहून ठेवा, आणि नकाशावर तळ त्या खोलीपासून तिच्या दुपटीपर्यंत जिथे झपकन उतरतो त्या जागा बघा : बेटाचं टोक, दोन बेटांमधली खिंड, पाण्यातून सरळ वर आलेल्या कड्याचा पायथा, तळ्याच्या मधोमध उठलेला उंचवटा. ओंटारियो सरकारच्या फिश ऑन-लाइन या नकाशावर बऱ्याच तळ्यांच्या खोलीच्या रेषा आणि तिथल्या माशांच्या जाती दिसतात. पान घरूनच छापून न्या, आत गेल्यावर फोनला रेंज नसते.

ओपियोंगोबद्दल एक. तिथे १९४८ मध्ये सिस्को हा चंदेरी चारामासा सोडला गेला आणि त्यानंतर तिथले लेक ट्राउट चांगलेच मोठे होऊ लागले. सिस्को असलेल्या तळ्यात मासा तळ सोडून मध्येच तरंगत असतो, सिस्कोच्या थव्याखाली. सिस्को नसलेल्या तळ्यात त्याचं पोट झिंगे-किडे आणि बारीक माशांवर, म्हणून तो तळाशी जवळीक ठेवतो आणि अंगानेही लहान राहतो. म्हणजे ओपियोंगोत १५ मीटरवर काही नाही म्हणून थेट तळ गाठायची घाई करू नका.

वल्हेकरी

कनू आणि पोर्टेज असेल तर जिगच. माझं मत यात पक्कं आहे.

माणशी एकच गळ. ओंटारियोत ठरावीक पाणी सोडलं तर एका माणसाला एकच दोरा टाकता येतो, आणि अल्गॉन्क्विन त्या अपवादात नाही. त्यामुळे माणशी एक रॉड, चौघांत मिळून एक जादा. चार तुकड्यांचा, साडेसहा-सात फुटांचा, मीडियम ताकदीचा रॉड बॅगेत मावतो. २५०० किंवा ३००० चं स्पिनिंग रीळ. दोरा वेणीचा, १५ पौंडी, निदान १२० मीटर. वेणी का, तर ती ताणत नाही. २० मीटर खाली झालेली टिचकी नायलॉनमधून हाताला कळतच नाही, शिवाय वेणी बारीक असल्याने पाण्यात तिचं पोट सुटत नाही. दर १० मीटरला रंग बदलणारी वेणी मिळते, तीच घ्या, खोली मोजायचा वेगळा खटाटोप वाचतो. पुढे १० पौंडी फ्लुओरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा दोरा), दोन-अडीच मीटर. जोडाला डबल युनी गाठ. आणखी नाजूक गाठी आहेत, पण थंडीने बोटं आखडली की हीच बसते.

आमिष : पांढरी रबरी ट्यूब, साडेतीन-चार इंची, आत २१ किंवा २८ ग्रॅमचं जिगहेड (वजनाचं डोकं असलेला गळ). सोबत २८ ग्रॅमचे दोन चंदेरी जिगिंग स्पून. सगळं मिळून माणशी सहा नग, साबणाच्या डबीत मावतात. बाकी रंग दुकानदाराच्या आनंदासाठी असतात.

पद्धत अशी. मागचा माणूस वल्हं धरून कनूचं नाक वाऱ्यात ठेवतो आणि हलके-हलके उलटं मारत दोरा सरळ खाली राहील हे बघतो. गरवायचं काम पुढच्याचं. अर्ध्या तासाने कामं बदला, जागा नाही. त्या पाण्यावर उभं राहून जागा बदलू नये. दोरा तिरका गेला की खोलीचा हिशेब कोसळतो : २० मीटर दोरा सोडलाय आणि तो उभ्यापासून ३० अंशांनी कलला, तर आमिष १७ मीटरवर. ४५ अंशांना १४ वर. म्हणजे वाऱ्याच्या झुळकीसरशी तुम्ही माशाच्या डोक्यावरून निघून गेलात.

जिग तळाला टेकवा, अर्धा मीटर उचला, मग खाली पडू द्या, पण दोरा पार ढिला सोडू नका. मासा बहुतेक वेळा पडतानाच घेतो. खूण झटक्याची नसते, दोरा जिथे ताठ व्हायला हवा तिथे ढिलाच राहतो. लगेच रीळ फिरवा आणि रॉड उचला. आठ-दहा वेळा असं करून काही नसेल तर भराभर सहा-सात मीटर वर गुंडाळा आणि पुन्हा सोडा. पळतं आमिष बघून लेक ट्राउट वर पाठलाग करतो. बास गरवणाऱ्यांना हे खरं वाटत नाही, ते तळाशीच ठोकत बसतात.

नांगराचा मोह टाळा. २० मीटर खोलीला निदान ४० मीटर दोर लागतो, आणि वारा फिरला की कनू आडवी होऊन पाणी घेते. टाकलाच तर कनूच्या टोकाला बांधा, बाजूच्या काठाला कधीच नाही.

उत्तरवारा

वल्हेकरी, पद्धत बरोबर, पण "जिगच" हे मान्य नाही. अनोळखी तळ्यावर पहिल्या संध्याकाळी सरळ खाली जिग मारत बसणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. आधी ओढून तळं वाचावं, मासा लागला की तिथे जिग.

ओढायला लेडकोर (आत शिसं असलेला जड दोरा) नको. त्याचं रीळ वीटभर, वजनही तेवढंच. डायव्हिंग पाटीही (आमिष खोल नेणारी तिरकी पाटी) नको, ती कनूला इतकी खेचते की पुढचा माणूस रॉड धरून दमतो. तीन कड्यांचं स्विव्हल (फिरत्या कड्यांचा जोड) पुरतं. एका कडीला मुख्य दोरा. दुसऱ्या कडीला ६० सेंटिमीटर ६ पौंडी नायलॉन आणि ८५ ग्रॅमचं वजन. तिसरीला १.८ मीटर फ्लुओरोकार्बन, बॉल-बेअरिंगचं छोटं स्विव्हल आणि पत्र्याचा हलका स्पून, ५ ते ७ ग्रॅमचा. वजनाचा दोरा मुद्दाम कमजोर ठेवायचा : खडकात अडकलं की वजनच तुटतं, स्पून आणि मासा राहतो. बेअरिंगवर पैसे वाचवलेत तर स्पून गोल फिरून तासाभरात अख्ख्या दोऱ्याला पीळ बसतो, तो पाचही दिवस छळतो.

वेग ताशी दोन-अडीच किलोमीटर. सामान भरलेली कनू आपण साडेतीन-चारने मारतो, म्हणजे आळशीपणाने वल्हवा. दोरा ४५ अंशांना, वजन दर काही मीटरला तळाला टकटक करेल एवढाच सोडायचा. सतत घासत असेल तर दोरा जास्त झाला. टकटक बंद झाली तर वेग वाढलाय किंवा तळ खोल गेलाय. बहुतेक गोची वळणावर होते : आतल्या बाजूचा दोरा मंदावून बुडतो आणि अडकतो. वळण रुंद घ्या, वळताना दोन मीटर गुंडाळून घ्या. आणि रॉड हातात धरा, मांडीखाली दाबून ठेवू नका. खडकात अडकलेली वेणी कनूला बाजूला खेचते, तेव्हा तत्क्षणी सोडता आली पाहिजे.

आता वाऱ्याचं, कारण हे फारसं कोणी सांगत नाही. दोन दिवस एकाच दिशेने जोराचा वारा वाहिला की गरम पाणी वाऱ्यासोबत पलीकडच्या काठाला साचतं. तिथे थर्मोक्लाइन खाली दबते आणि वारा जिकडून येतो त्या काठाला वर उचलली जाते. लांबोळ्या तळ्यात दोन टोकांमध्ये काही मीटरचा फरक पडतो. म्हणजे काल एका टोकाला घेतलेला बाटलीचा आकडा आज दुसऱ्या टोकाला चालेलच असं नाही. तिकडे वारा बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा, आणि ओपियोंगो त्यासाठी बदनाम आहे. नॉर्थ आर्म सकाळी सात-आठच्या आत ओलांडा. दुपारी लाटा चढल्या तर काठाला बसून चहा प्या, मासे कुठे पळत नाहीत.

वल्हेकरी

ओढून वाचायचं हे पटलं. फक्त चौघांनाही स्विव्हलचा सरंजाम नको. दोन कनू आहेत, एकीने ओढावं, दुसरीने मागून जिग मारावं. वजनं शक्यतो शिशाची घेऊ नका. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० ग्रॅमखालची शिशाची वजनं आणि जिग बंद आहेत. अल्गॉन्क्विन प्रांतिक असल्याने तो नियम इथे लागत नाही, पण लून पक्षी चारा दळायला खडे गिळतात, त्यात हे शिसंही गिळतात आणि विषबाधेने मरतात. टंगस्टन महाग, पण लहान आकारात जास्त वजन म्हणून जिगसाठी तसंही चांगलंच. मोठ्या वजनाला पोलाद चालतं. किंवा कापडाच्या पुरचुंडीत काठावरचे खडे, तेही फुकट.

मुठेकाठचा

हे सगळं फार उपयोगी आहे. आता सोडायचं आणि खायचं. वॉलाय खोलातून काढला की त्याचं पोट फुगतं, इथे २० मीटरवरून काढलेला मासा सोडला तर जगतो का?

गरी_आणि_दोरा

दाबाचा प्रश्न इथे लहान आहे, उष्णतेचा मोठा. वॉलाय-बासची हवेची पिशवी बंद असते. लेक ट्राउटची घशाकडे उघडते, त्यामुळे तो वर येताना हवा सोडत येतो. दोऱ्याजवळ बुडबुडे दिसले की समजा मासा जवळ आला. म्हणून सावकाश, एका लयीत आणा, त्याला ढेकर द्यायला वेळ द्या. पिशवीला सुई टोचण्याचा उद्योग करू नका.

पण १० अंशांतला मासा २२ अंशांच्या पाण्यात दमून वर आला की त्याची गत उन्हात पळवलेल्या माणसासारखी होते. गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि त्याची गरज वाढलेली. त्यामुळे सोडायचाच असेल तर कनूत घेऊच नका. पाण्यातच पकडीने गळ काढा. गळाची कुसळं घरीच पकडीने दाबून टाका. ओंटारियोतल्याच क्वेटिको उद्यानात बिनकुसळी गळ आणि फक्त कृत्रिम आमिष सक्तीचं आहे, अल्गॉन्क्विनमध्ये तशी सरसकट सक्ती नसली तरी सोय आपलीच. तिहेरी गळ काढून एकेरी लावा. मग माशाला शेपटीजवळ धरून, डोकं खाली करून, भाल्यासारखा पाण्यात ढकला, म्हणजे तो त्या झोकात थंड थरात पोहोचतो. वर धरून मागे-पुढे हलवत "शुद्धीवर आणणं" म्हणजे त्याला गरम पाण्यातच जास्त वेळ ठेवणं.

यातून निघतं ते असं : ऑगस्टमध्ये गंमत म्हणून दहा धरून दहा सोडू नका, त्यातले काही नंतर मरतात आणि तुम्हाला दिसतही नाहीत. खायला हवे तेवढे मिळाले की गळ गुंडाळा आणि काठाला बास गरवा. हा मासा सावकाश वाढतो, जेवणाच्या मापाचा व्हायलाच त्याला बरीच वर्षं लागतात.

कोकमआगळ

परवान्याचं आधी. ज्येष्ठांची सवलत ६५ आणि पुढच्या कॅनडात राहणाऱ्यांना आहे. सासरेबुवा पाहुणे, त्यांना परदेशी पाहुण्यांचा परवाना काढावा लागेल. ऑनलाइन निघतो, कमी मुदतीचाही मिळतो. काढायचा नसेल तर त्यांना वल्हं द्या आणि रॉडला हात लावू देऊ नका. "जरा धरा हो बाबा" हेसुद्धा नको. हंगाम ३० सप्टेंबरला संपतो, कारण ऑक्टोबरात मासा खडकाळ उथळ्यावर अंडी घालायला येतो. रोजची मर्यादा यंदाच्या नियमपुस्तिकेत बघा, ती थोडीच असते, आणि तिथेच खाल्लेला मासाही त्यात मोजला जातो. जिवंत आमिषमासे उद्यानात जवळ बाळगणंही गुन्हा आहे. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद जिन्नस आतल्या भागात चालत नाहीत, म्हणून आगळाची बाटली घरीच राहू दे.

मासा संध्याकाळी, मुक्कामावर परतायच्या आधीच्या तासात ठेवा. सकाळी धरून दिवसभर दोरीला बांधून पाण्यात ठेवलात तर वरच्या गरम पाण्यात मरतो आणि मांस पिठूळ होतं. धरला की डोक्यावर एक ठोका, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, लगेच पोट साफ करा, कण्याखालची काळी रेघ नखाने खरवडा. वास तिथूनच येतो. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, दोन तासांच्या आत तव्यावर.

खवले इतके बारीक की काढायची गरज नाही, कातडीसकट तुकड्या करा. सुरमईच्या हिशेबाने जाऊ नका, हा मासा तेलकट आणि मऊ असतो. पातळ कापलात तर उलथताना फुटतो, तुकडी निदान दोन सेंटिमीटरची हवी. किलोभर माशाला घरून पुडीत न्यायचं मिश्रण : दोन मोठे चमचे मालवणी मसाला, अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ, पाव चमचा लिंबूफूल (आगळाची जागा हेच घेतं) आणि चमचाभर लसणाची पूड. वेगळ्या पिशवीत दोन वाट्या तांदळाचं पीठ, एक वाटी बारीक रवा. मसाला लावून वीस मिनिटं, मग पिठात घोळवून तळा. तेल २५० मिली, फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत, वर दुसरी पिशवी. तवा पूर्ण तापल्याशिवाय तुकडी टाकू नका आणि तीन मिनिटं हलवू नका. छोट्या स्टोव्हची आच मधोमधच लागते, म्हणून एका वेळी दोनच. चुलीच्या भरवशावर जाऊ नका, कोरड्या वर्षी आगबंदी लागते.

मोठ्या माशाचा हव्यास स्वयंपाकासाठी तरी सोडा. जितका मोठा आणि म्हातारा, तितका पारा जास्त. कोणत्या तळ्यातला किती लांबीचा मासा महिन्यात किती वेळा खावा याचे तक्ते ओंटारियो सरकार देतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी त्यात वेगळा रकाना आहे, तो बघाच. ४० ते ४५ सेंटिमीटरचा मासा दोघांना पोटभर होतो आणि चवीलाही तोच बरा.

उत्तरवारा

अस्वलांचं राहिलं. काळी अस्वलं त्या भागात आहेतच. मासा मुक्कामाच्या जागी साफ करू नका. आतडी-डोकं मुक्कामापासून आणि पाण्यापासून बरंच लांब, रानात नेऊन टाका. काठावर किंवा उथळ पाण्यात टाकलेलं दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामकऱ्याच्या नाकाशी येतं. अंधाराच्या आत जेवण उरका. उरलेलं तेल पिठात मुरवून कचऱ्याच्या पिशवीत, ती पिशवी जेवणाच्या पोत्यासोबत झाडाला : जमिनीपासून ४ मीटर उंच, खोडापासून २ मीटर लांब. ज्या शर्टाला मासा पुसला तोही त्याच पोत्यात, तंबूत नाही.

मुठेकाठचा

सासऱ्यांचा परवाना आजच काढतो. शेवटचं : पहाटे मासा वर येतो म्हणतात ते खरं का? तसं असेल तर थर्मामीटरची उठाठेव सकाळी करायची की दुपारी?

गरी_आणि_दोरा

खरं, पण थोडाच वेळ. उजाडताना काही मासे गरम थरात घुसतात, एखादा चारामासा धरतात आणि परत खाली जातात. त्या अर्ध्या-पाऊण तासात ६ ते १० मीटरवर, उताराच्या वरच्या कडेला स्पून ओढून बघा, वजन ३० ग्रॅमवर आणा. सूर्य झाडांच्या वर आला की पुन्हा खाली. बाटली मुक्कामावर पोहोचलात त्याच दुपारी बुडवा, म्हणजे संध्याकाळीच आकडा हातात असतो. वारा फिरला तर परत एकदा. थर्मामीटर पाऱ्याचा नको, अल्कोहोलचा घ्या. पोर्टेजवर बॅग आपटली की पहिला तोच फुटतो.